अंजनवेलची धुराडी

दाभोळच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते आणि वाशिष्ठीचं मुख ओलांडून धोपाव्याला लागते. दाभोळ दापोली तालुक्यात, धोपावे गुहागरात. जगाला ‘दाभोळ’ या नावाने माहीत झालेला वीजप्रकल्प मात्र दाभोळात नाहीच. तो खाडीच्या गुहागरकडच्या अंगाला, अंजनवेल-वेलदूरच्या माथ्यावर आहे. गोपाळगडाच्या बाजूने त्याची धुराडी दिसतात. मालक बदलले तरी जिल्ह्यात त्याला अजून ‘एन्रॉन’च म्हणतात. रत्नागिरीतल्या विद्यार्थ्याला अमेरिकेचा आधुनिक इतिहास शिकवायचा, तर मी सुरुवात इथून करीन.

अमेरिकेतल्या महाविद्यालयांत पहिल्या-दुसऱ्या वर्षी हा विषय बहुधा दोन सत्रांत शिकवतात. फाळणी होते १८६५ किंवा १८७७ या सालावर. १८७७ मध्ये दक्षिणेतल्या उरल्यासुरल्या सुधारणावादी सरकारांचा लष्करी आधार काढून घेतला गेला आणि यादवी युद्धानंतरची ‘पुनर्रचना’ गुंडाळली गेली. मग रेल्वे, पोलाद आणि तेलाची साम्राज्यं, महामंदी, रूझवेल्टचं ‘न्यू डील’, महायुद्धं, नागरी हक्कांची चळवळ, रेगन. परीक्षेपुरता हा क्रम पाठ होतो. पण कशामुळे काय घडलं हे कळायचं, तर ओळखीचं एखादं टोक हातात असावं लागतं.

मराठी माणसाकडे अशी टोकं आहेत. १८६१ मध्ये यादवी पेटली, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध थांबताच शेअरचा सट्टा कोसळला. पुढे गिरण्या वाढल्या आणि रत्नागिरीचा चाकरमानी त्या मुंबईत गेला. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, गुलाम मुक्त केल्याबद्दल. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव, ते भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेत कृतज्ञता आहे. आंबेडकरांनी मात्र मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना पुढे वाऱ्यावर सोडल्याचा दाखला दिला. या दोघांच्या मधे १८७७ आहे. ते साल का महत्त्वाचं, हे पाठ्यपुस्तकाच्या परिच्छेदापेक्षा या दोघांचं लिखाण शेजारी ठेवलं की लवकर उमजतं.

आता धुराड्यांकडे येऊ; त्यांची गोष्ट अमेरिकेत सुरू होते. १९३२ मध्ये शिकागोच्या सॅम्युअल इन्सलचं वीजसाम्राज्य कोसळलं. एका कंपनीवर दुसरी, तिच्यावर तिसरी अशी ती उतरंड होती. तिच्याखाली असंख्य छोटे गुंतवणूकदार चिरडले गेले. म्हणून १९३५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने वीजकंपन्यांच्या अशा उतरंडींना वेसण घालणारा कायदा केला. १९७० च्या दशकानंतर सरकारी नियंत्रणं ढिली करण्याची लाट आली आणि ऑक्टोबर १९९२ च्या ऊर्जा कायद्याने ही वेसणही सैल केली; वीजकंपन्यांना परदेशात उद्योग करणं सोपं झालं. त्याच वर्षी जूनमध्ये ह्यूस्टनच्या एन्रॉनने महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी या प्रकल्पाचा सामंजस्य करार केला होता. इकडे १९९१ मध्ये दिल्लीने वीजनिर्मिती खासगी कंपन्यांना खुली केली होती. दोन दारं एकाच सुमारास उघडली.

डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार झाला. एन्रॉनचा वाटा ८० टक्के. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा १०-१० टक्के. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून जागतिक बँकेने त्याला पैसा नाकारला होता. मंडळाने वीज उचलली नाही तरी क्षमतेचा आकार भरायचा आणि दर डॉलरशी बांधलेला, अशी कराराची मेख होती. रुपया घसरला की बिल फुगणार. १९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन समुद्रात बुडवण्याच्या घोषणा झाल्या, युती सरकारने करार रद्दही केला आणि १९९६ मध्ये फेरवाटाघाटी होऊन तो पुन्हा तरला. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. २ डिसेंबरला ह्यूस्टनमध्ये खुद्द एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली.

अमेरिकी पुस्तकांत एन्रॉन येते ती खोटे हिशेब, लेखापरीक्षक आर्थर अँडरसन आणि भागधारकांची लूट म्हणून. वेलदूरच्या कोळणी तिथे क्वचितच दिसतात. मासेमारी आणि पाणी जाईल म्हणून त्या रस्त्यावर उतरल्या. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस त्यांच्या घरांत घुसले. या दडपशाहीवर ह्यूमन राइट्स वॉचने जानेवारी १९९९ मध्ये सविस्तर अहवाल काढला. तो इंग्रजीत आहे, मोफत आहे आणि त्यातल्या वाड्यांची नावं आपल्या एसटीच्या पाटीवरची आहेत. प्राथमिक साधनं वाचायला शिकायचं, तर याहून जवळचं काय?

पुस्तकाचीही अडचण नाही. प्राध्यापकांनी मिळून लिहिलेलं ‘द अमेरिकन यॉप’ इंटरनेटवर फुकट वाचता येतं. त्याचा दुसरा खंड १८७७ नंतरचा. त्याच्या जोडीला वहीचं पान आडवं धरून तीन रकाने पाडावेत: वॉशिंग्टन-ह्यूस्टन, दिल्ली-मुंबई, गुहागर. एकेक साल घेऊन तिन्ही घरं भरत जावं. १९९२ च्या ओळीत तिन्ही घरं भरतात. २००५ ची ओळ मुद्दाम शेवटी ठेवावी. त्या जुलैत बंद प्रकल्प ताब्यात घ्यायला एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ ही कंपनी स्थापन झाली. पुढच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, वॉशिंग्टनने १९३५ चा तो कायदा रद्द केला. इन्सलच्या पडझडीतून जन्मलेली वेसण एन्रॉनची पडझड पाहूनही काढून टाकली गेली. का, हे त्या ओळीखाली विद्यार्थ्याने स्वतः लिहायचं.