चपला ओळीत लावणारं मूल हट्टी नसतं



रविवारी वंदनेच्या वेळी विहाराबाहेर चपलांचा ढीग पडतो. आमच्या वस्तीतला पाच वर्षांचा एक मुलगा आत येत नाही. बाहेर बसून तो चपला ओळीत लावतो, मोठ्या आधी, लहान नंतर. कुणी घाईत एक उचलली की कान दाबून जमिनीवर लोळतो. कुणी म्हणालं, "लाडाने बिघडलाय." कुणी म्हणालं, "बाहेरचं आहे, भगताला दाखवा." आईने आधी मारलं, मग भगताला पैसे दिले. मुलगा ओळी लावतच राहिला.

कारणाशिवाय काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण. मग याचंही कारण बघू.

आवाज, उजेड, वास, चव, स्पर्श, अंगाचा तोल या सगळ्याची खबर मेंदूकडे सतत जात असते. बहुतेकांचा मेंदू त्यातलं नको ते मागे टाकतो. काही मुलांना ते जमत नाही. कुकरची शिट्टी, पत्र्यावरचा पाऊस, शर्टाच्या कॉलरचं लेबल, दहा बाय दहाच्या खोलीतली माणसं, सगळं एकदम अंगावर येतं. अशा वेळी ओळ त्यांना धीर देते. पुढे काय येणार हे ओळीत ठरलेलं असतं. ती मोडली की त्यांचा आधार जातो, म्हणून आकांत.

दोन-तीन वर्षांची बरीच मुलं खेळणी ओळीत लावतात. तेवढ्याने घाबरू नका. पण सोबत यातलं काही असेल तर दाखवून घ्या: दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही, बोटाने वस्तू दाखवत नाही, एक-दोनच पदार्थ खातं, स्वतःला मारून घेतं. हे स्वमग्नतेत दिसतं, पण प्रत्येक मूल स्वमग्न नसतं. कानाची तपासणीही करून घ्या.

घरी काय करावं?

- ओळ मोडू नका. हलवायचीच असेल तर आधी सांगा, "जेवण झालं की उचलू."
- एक खोका किंवा कोपरा त्याचाच ठेवा.
- उठणं, आंघोळ, शाळा यांची चित्रं क्रमाने भिंतीवर लावा.
- मिक्सर लावण्याआधी सांगा. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेजवळ नेऊ नका.
- बदल एका वेळी एकच करा.
- मारू नका, बांधून ठेवू नका.

अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. पथक कधी येणार ते अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईला विचारा. पथक पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतं, तिथे उपचार मोफत असतात. स्वमग्नता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. "तुमचं मूल बसत नाही, घरीच ठेवा," असं शाळा म्हणाली तर ऐकून परत येऊ नका. शिक्षण आपल्याला सहज मिळालेलं नाही. या लेकरांचंही जाऊ देऊ नका.

आता रविवारी आम्ही चपला त्याच्याच ओळीत काढतो. वंदना संपली की त्याला आधी सांगतो, मगच उचलतो.