व्हॅन मधूनच दम का सोडते?

आज कर्जाचा अर्ज नाही की पॅकिंगचा विषय नाही. आज बोलायचं आहे आपल्या जुन्या व्हॅनबद्दल.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात कडक भाकरी, शेंगा चटणी, पापड, शेवया बाजारापर्यंत पोचवायला अनेक गटांनी जुनी मारुती व्हॅन घेतली आहे. ही गाडी १९८४ साली आली, १९८८ पासून तिला ओम्नी म्हणू लागले आणि २०१९ साली तिचं उत्पादन थांबलं. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, आणि बसवलेलं थेट पुढच्या सीटखाली. आधीच्या गाड्यांना कार्बोरेटर होता. नंतरच्या गाड्यांत इंजेक्शनची पद्धत आली. आम्ही सांगतोय ते कार्बोरेटरवाल्या गाडीचं. इंजेक्शनच्या गाडीला यातलं सगळंच लागू पडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गाडी कायमची बंद पडली तर मिस्त्रीला दोष सापडतो. कटकट असते ती मधूनच दम सोडणाऱ्या गाडीची. मोहोळपर्यंत छान पळते, पुढं चढाला गचके खाते, पाय कितीही दाबा, वेग वाढत नाही. पाच मिनिटं उभी केली की पुन्हा सुरळीत. मिस्त्रीच्या दारात तर अगदी शहाण्यासारखी चालते. मग मिस्त्री अंदाजानं एकेक भाग बदलतो. आज प्लग, पुढच्या आठवड्यात कॉइल, त्यानंतर कार्बोरेटर. प्रत्येक पावती गटाच्या खात्यावर पडते आणि महिन्याच्या बैठकीत ‘गाडीच विकून टाका’ असा सूर निघतो. गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल लागलेला असताना माल वाटेत अडकला, तर त्या दिवसाची विक्री गेलीच. आणि अंधार पडल्यावर दोघी-तिघी बायका हायवेच्या कडेला उभ्या राहतात, त्याची पावती कुठं फाडायची?

म्हणून दोष ओळखायची रीत आपल्याला माहीत हवी. दुरुस्ती मिस्त्रीनंच करायची, पण गाडीचं दुखणं त्याला नीट सांगायचं काम आपलं.

पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल, हवा आणि वेळेवर पडणारी ठिणगी. कार्बोरेटरचं काम पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात मिसळून देण्याचं. घरातला जुना पंपाचा स्टोव्ह आठवा. निपलच्या बारीक भोकात कचरा अडकला की ज्योत पिवळी होते, भकभकते. पिन मारली की पुन्हा निळी. कार्बोरेटरमध्ये तशाच बारीक भोकाचे जेट असतात. आणि आपल्या पाण्याच्या टाकीत जसा फुगा असतो, पाणी वर आलं की नळ बंद करणारा, तसाच छोटा फुगा कार्बोरेटरच्या वाटीत असतो. वाटीत पेट्रोल कमी पडलं की इंजिन उपाशी, फुगा अडकून जास्त आलं की काळा धूर आणि पेट्रोलचा वास.

आता पहिला प्रश्न, आणि आमच्या मते सगळ्यात कामाचा. गाडीनं दम सोडला तो कसा? बटण बंद केल्यासारखं इंजिन एका क्षणात गप्प झालं, की हळूहळू धापा टाकत, गचके खात मेलं? एकदम गप्प होणं हे बहुतेक वेळा विजेच्या बाजूचं लक्षण. बॅटरीची पकड सैल, अर्थची वायर गंजलेली, चावीच्या स्विचचं कनेक्शन ढिलं, किंवा कॉइल. धापा टाकत मरणं हे पेट्रोल कमी पडल्याचं. आणि इंजिन बंद न पडता सारखं थरथरत, लंगडत चालत असेल, तर तीनपैकी एक सिलिंडर काम करत नाही असं समजा. आपल्याकडं याला ‘गाडी मिसिंग करते’ म्हणतात. तिथं प्लग, प्लगची वायर, डिस्ट्रिब्युटरचं टोपण आणि आतला रोटर बघायचा. जुन्या गाड्यांत सीबी पॉइंट आणि कंडेन्सर असतो, तोही.

दुसरा प्रश्न, कधी? थंड असताना, की तापल्यावर? सपाटीला, की चढाला? पावसात, की कोरड्यात? टाकी भरलेली असताना, की तळाला आल्यावर? बचत गटाच्या पंचसूत्रीत नियमित लेखे आहेतच, तशीच एक वही गाडीत ठेवा. तारीख, किलोमीटर, कुठला रस्ता, भार किती, ऊन की पाऊस, आणि काय झालं. पाच-सहा नोंदी झाल्या की दोष स्वतःच बोलायला लागतो.

चढाला किंवा वेगात दम जातो, थोडं थांबलं की परत येतो, असं वहीत दिसलं, तर पेट्रोलची वाट तपासा. सावकाश चालताना इंजिनाला पेट्रोल थोडंच लागतं, तेवढं अर्धवट तुंबलेल्या फिल्टरमधूनही मिळतं. जोर लावला की वाटी रिकामी होते. थांबलात की ती पुन्हा भरते. म्हणून गाडी ‘आपोआप’ बरी झाल्यासारखी वाटते. टाकीकडून येणाऱ्या नळीवर छोटा पेट्रोल फिल्टर असतो. तो आतून काळपट, गाळानं भरलेला असेल तर बदला. सगळ्यात स्वस्त भाग आहे, सुरुवात तिथूनच करावी. टाकी नेहमी तळापर्यंत रिकामी करून चालवायची सवय असेल तर तळाचा गाळ वर येतो, तेव्हा पाव टाकी तरी राखा.

आता टाकीच्या झाकणाबद्दल. पेट्रोल खाली ओढलं गेलं की तेवढी हवा टाकीत शिरायला हवी. त्यासाठी झाकणात बारीक वाट असते. ती बंद झाली तर टाकीत पोकळी होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. डबा उपडा करून एकच भोक पाडलं तर तेल कसं गुडगुड करत, थांबत थांबत येतं, तसंच.

आमच्या गटाची गाडी तुळजापूरच्या घाटात दरवेळी दम सोडायची. दोन ठिकाणी दाखवली, प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर उघडून धुतला, तरी घाट आला की तेच. शेवटी आमच्यातल्या एका मावशींनी वही चाळली आणि विचारलं, की पेट्रोल भरल्या दिवशी गाडी कधीच का बंद पडत नाही? टाकीचं झाकण उघडून पाहिलं तर आत प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा लावलेला. आधीच्या मालकानं वास येऊ नये म्हणून लावला असावा. पंपावर झाकण उघडलं की हवा आत जायची, मग काही काळ गाडी ठीक चालायची. पिशवी काढली, दोन चाचण्या घाटात घेतल्या, एकदा पूर्ण भार घालून. त्यानंतर तो त्रास नाही. खर्च शून्य. बदललेल्या कॉइलचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

तुम्हालाही हे तपासता येईल. गाडीनं दम सोडला की सुरक्षित जागी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि झाकण हळूच उघडा. सूं करून हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी लगेच नीट चालली, तर दोष झाकणात आहे. आसपास बिडी, काडी काहीही नको.

दुसरी पाहणी दोष चालू असतानाच करायची, घरी आल्यावर उपयोग नाही. इंजिन बंद करून सीट उचला आणि एअर फिल्टरचं टोपण काढा. कार्बोरेटरच्या तोंडात बघत ॲक्सिलरेटरची तार हातानं एकदा ओढा. पेट्रोलची बारीक धार पडली तर वाटीत पेट्रोल आहे, संशय ठिणगीवर घ्या. धार नाही पडली तर पेट्रोल पोचत नाही. एवढी एक गोष्ट मिस्त्रीला सांगितली तरी त्याचं निम्मं काम होतं. मात्र इंजिन चालू असताना तोंड जवळ नेऊ नका. पदर, ओढणी, वेणी सांभाळा. ठिणगीची तपासणी मिस्त्रीकडूनच करून घ्या, त्या वायरचा झटका जबर असतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं वेगळंच. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर, त्यात इंजिन सीटखाली कोंडलेलं. नळीतलं पेट्रोल तापून त्याची वाफ होते आणि पंपाला ती ढकलता येत नाही. बाजारात थांबून पुन्हा निघताना गाडी अडते ती बहुधा यामुळं. सावलीत उभी करा, सीट उचलून वारा लागू द्या, पेट्रोल पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवा. वीस मिनिटांत चालली तर वहीत लिहा. पण तापल्यावर कॉइलही दगा देते आणि थंड झाली की सुधारते, म्हणून वरची धारेची पाहणी दोन्हीतला फरक सांगते. रेडिएटरचं झाकण गरम असताना कुणीही उघडू नये.

आणखी एक नवी भानगड आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. इथेनॉल उसापासूनही होतं, म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या पिकाचा त्यात वाटा. पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि वॉशर त्यासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात. इथेनॉल पाणीही ओढून घेतं आणि टाकीतला जुना थर सुटा करतं. तेव्हा फिल्टर पूर्वीपेक्षा लवकर बदला आणि नळ्या दर सहा महिन्यांनी बोटांनी दाबून पाहा. नळी चिकट किंवा भेगाळलेली वाटली तर थांबू नका. सीटखाली गळणारं पेट्रोल म्हणजे आग.

मिस्त्री प्लग काढेल तेव्हा समोर उभं राहून रंग बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. काजळी धरलेला काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, चोक अडकला असेल किंवा एअर फिल्टर धुळीनं भरला असेल. पांढरट, भाजल्यासारखा असेल तर पेट्रोल कमी पडतंय. तीनही प्लगांचा रंग सारखा असेल तर दोष सगळ्यांना सामाईक, एकच वेगळा असेल तर दोष त्या एका सिलिंडरचा. पावसाळ्यात मिसिंग करत असेल तर रात्री अंधारात, इंजिन चालू ठेवून, लांबून प्लगच्या वायरींकडं बघा. निळ्या ठिणग्या बाहेर उडताना दिसल्या तर वायर बदलायची वेळ झाली.

काही वेळा इंजिन निर्दोष असतं. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पळत नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. थोडं चालवून उतरल्यावर एकच चाक हात लावू नये इतकं तापलेलं असेल, तर त्या चाकाचा ब्रेक धरून बसलाय.

गॅसवर चालणाऱ्या गाडीत तपास सोपा होतो. पेट्रोलवर गचके आणि गॅसवर ठीक, तर दोष पेट्रोलच्या वाटेत. दोन्हीवर सारखेच गचके, तर ठिणगी बघा. पण ही सोय परवाना असलेल्या, आरसी बुकात नोंदलेल्या किटचीच. घरगुती सिलिंडर मागं ठेवून नळी जोडलेली व्हॅन दिसली, तर ती घेऊ नका, तिच्यात बसूही नका, भाडं कितीही कमी सांगितलं तरी.

मिस्त्रीकडं जाताना वही सोबत न्या. एका वेळी एकच भाग बदलायला सांगा, नाहीतर कशानं बरं झालं ते कळत नाही. काढलेला जुना भाग परत मागून घ्या. आणि चाचणी घ्यायची ती गॅरेजसमोरच्या सपाट रस्त्यावर नको. ज्या चढाला, जेवढ्या भाराला गाडी दम सोडत होती, तिथंच, तेवढाच माल भरून, मिस्त्रीला शेजारी बसवून घ्यायची.