देगाच्या पेस्टलचे थर

पेस्टल म्हणजे रंगाची पूड, थोडा पांढरा खडू आणि कांडी मोडू नये इतकाच डिंक. कागदाच्या खरबरीत पोतात ही पूड नुसती अडकून बसलेली असते. तेलरंगाच्या चित्रातून सुईच्या टोकाएवढा कण काढून त्याचा छेद तपासता येतो, पेस्टलमध्ये मात्र खरवडायला गेलं की आजूबाजूची पूडही सुटते. म्हणून इथला अभ्यास बहुतेक हात न लावताच करावा लागतो.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत एदगार देगाचं १८९०–९५च्या सुमाराचं एक चित्र आहे. एक पाठमोरी स्त्री आंघोळीनंतर मान पुसते आहे. समोरून पाहताना नजर तिच्या पाठीवर खिळते. मी बाजूला सरकून तिरपं पाहिलं तेव्हा कागदाचे जोड दिसू लागले. चित्र एका सलग कागदावर नाही. आकृतीला जागा अपुरी पडली की देगा सरळ नवा तुकडा जोडायचा. कागदाची चौकट त्यानं कधी शेवटची मानली नाही, आणि मला त्याचा हा हट्ट फार आवडतो.

पाठीवरच्या रेघा तर तासन्‌तास पाहाव्यात अशा. खालचा रंग झाकून टाकायचा नाही, फटींतून डोकावू द्यायचा. ओल्या रंगाशिवाय असे थर चढवायचे तर प्रत्येक थर आधी पक्का करायला हवा. त्यासाठी देगा फिक्सेटिव्ह फवारायचा. कधी पेस्टलवर वाफ सोडून त्याचा लगदा करायचा आणि तो ब्रशनं फिरवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक कळतो: कोरडे कण सुटे दिसतात, फवारलेले एकमेकांना चिकटलेले.

रंग कोणते, हे क्ष-किरणांच्या प्रतिदीप्तीतून कळतं. पारा सापडला तर हिंगुळी लाल (व्हर्मिलियन), तांबं आणि आर्सेनिक एकत्र सापडलं तर एमराल्ड ग्रीन. गुलाबीत ब्रोमीन सापडलं की इओसिनचा संशय येतो, आणि तो रंग उजेडात झपाट्यानं उडतो. अशा चित्रांच्या दालनात दिवे मंद का, याचं उत्तर इथे आहे.

फिक्सेटिव्हची कृती देगाला लुइजी क्यालिवा या चित्रकार मित्राकडून मिळाली होती, पण ती गुप्तच राहिली. क्ष-किरणांच्या यंत्राचाही तिथे उपयोग नाही, कारण राळ किंवा केसिन यांतले कार्बन, हायड्रोजनसारखे हलके घटक त्याला दिसत नाहीत. त्यासाठी नमुनाच घ्यावा लागतो, आणि नमुना मागायला कोणी धजत नाही.