हार्वर्ड-येलमध्ये प्रवेश नेमका कुणाला मिळतो? नुसते मार्क का पुरत नाहीत?

बारावीला ९५ टक्के, एसएटी परीक्षेत १६०० पैकी १५५० गुण आणि शाळेत पहिला नंबर. आपल्याकडच्या हिशेबाने अशा विद्यार्थ्याला हवं ते कॉलेज मिळायला हरकत नाही. पण हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड ही अमेरिकेतली विद्यापीठं दरवर्षी अशा हजारो मुलांना नकार कळवतात. २०२४ साली हार्वर्डकडे पदवीसाठी सुमारे ५४ हजार अर्ज आले आणि प्रवेश मिळाला तो दोन हजारांपेक्षा कमी जणांना. म्हणजे शंभरात चौघांनाही नाही.

नकार आला की "माझं काय कमी पडलं?" हा प्रश्न विद्यार्थ्याला छळतो. त्याचं उत्तर शोधायचं तर ही प्रवेश प्रक्रिया कशी चालते ते आधी समजून घ्यावं लागेल.

मेरिट लिस्टच नसते

महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला सीईटीचा पर्सेंटाइल लागतो, मेरिट लिस्ट लागते, कॅप राउंड होतात आणि प्रत्येक कॉलेजचा कटऑफ जाहीर होतो. कोण आत गेलं, कोण किती गुणांनी राहिलं, हे सगळ्यांना दिसतं.

अमेरिकेतल्या या विद्यापीठांत असा कटऑफ नसतो. तिथे विद्यार्थ्याचं 'होलिस्टिक' म्हणजे सर्वांगीण मूल्यमापन होतं. शाळेतले गुण, एसएटी किंवा एसीटी, शिक्षकांची शिफारसपत्रं, छंद-खेळ-समाजकार्य यांची यादी आणि जास्तीत जास्त ६५० शब्दांचा एक निबंध, हे सारं समितीपुढे जातं.

समितीचं काम सर्वांत हुशार दोन हजार मुलं निवडणं हे नसतं. तिला एक बॅच जुळवायची असते. वाद्यवृंदाला व्हायोलिनवादक हवा असतो, संघाला खेळाडू हवे असतात, वेगवेगळ्या राज्यांतली आणि देशांतली मुलं हवी असतात. त्यामुळे यंदा नाकारलेला अर्ज दुसऱ्या वर्षी स्वीकारलाही गेला असता. गुण चांगले नसतील तर दार बंद होतं, पण चांगले असले म्हणून ते उघडेलच असं नाही.

ही पद्धत आली कुठून?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डमध्ये प्रवेश मुख्यतः परीक्षेवर मिळत असे. १९२० च्या दशकात तिथे ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण वीस टक्क्यांच्या वर गेलं. तेव्हाचे अध्यक्ष ए. लॉरेन्स लॉवेल यांना ते खटकलं. उघड कोटा ठेवण्याला विरोध झाला, तेव्हा 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' अशा मोजता न येणाऱ्या निकषांना वजन देण्यात आलं. अर्जासोबत फोटो मागितला जाऊ लागला. ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण घटलं.

आज हेच निकष गरीब किंवा वेगळ्या वाटेने आलेल्या मुलांना संधी देण्यासाठीही वापरले जातात. मात्र जिथे निकष धूसर असतात तिथे पक्षपात लपायलाही जागा मिळते.

मागचं दार आणि बाजूचं दार

आई-वडील त्याच विद्यापीठात शिकलेले असतील तर मुलांना मिळणाऱ्या झुकत्या मापाला 'लेगसी' म्हणतात. हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात बाहेर आलेल्या आकडेवारीनुसार लेगसी अर्जदारांपैकी साधारण तिघांत एकाला प्रवेश मिळत होता. इतरांमध्ये हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास होतं. मोठे देणगीदार, प्राध्यापकांची मुलं आणि खेळाडू यांनाही वेगळं वजन मिळत असल्याचं याच खटल्यात दिसलं.

२०१९ मध्ये 'व्हार्सिटी ब्लूज' प्रकरण उघडकीला आलं. रिक सिंगर हा सल्लागार श्रीमंत पालकांकडून पैसे घेऊन परीक्षेचे गुण बदलून घेत होता आणि कधी मैदानावर न उतरलेल्या मुलांना खेळाडू म्हणून दाखवत होता. या वाटेला तो 'बाजूचं दार' म्हणत असे. त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली.

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाच्या आधारावर प्रवेशात झुकतं माप देण्यास मनाई केली. त्यानंतर साहजिकच प्रश्न आला की मग लेगसी का चालते? एमआयटी लेगसी पाहत नाही, जॉन्स हॉपकिन्सने ती आधीच बंद केली होती. कॅलिफोर्नियाने २०२४ साली कायदा करून खासगी विद्यापीठांनाही मनाई केली. हार्वर्ड-येलसह अनेक ठिकाणी ती टिकून आहे.

राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या २०२३ च्या अभ्यासाने पैशाचा परिणाम दाखवला. एसएटीचे गुण सारखेच असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांना या विद्यापीठांत प्रवेश मिळण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त होती.

भारतातल्या विद्यार्थ्याने काय पाहावं?

पहिली गोष्ट फी. राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे जातो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी यांसारखी मोजकी विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्याचाही अर्ज त्याची आर्थिक स्थिती न पाहता तपासतात आणि निवड झाल्यावर गरजेइतकी मदत देतात. याला 'नीड-ब्लाइंड' म्हणतात. बहुतेक ठिकाणी मात्र परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली की प्रवेशाची शक्यता घटते. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, पण ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी मिळते, पदवीसाठी नाही.

दुसरी गोष्ट 'अर्ली डिसिजन'. यात अर्ज नोव्हेंबरमध्येच करायचा असतो आणि निवड झाली तर तिथेच जाण्याची हमी द्यावी लागते. मदत किती मिळेल याचा अंदाज नसताना अशी हमी देणं महागात पडू शकतं.

नकार म्हणजे आयुष्याचा निकाल का?

स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी सारखीच गुणवत्ता आणि सारखीच महत्त्वाकांक्षा असलेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. नामांकित कॉलेजात गेलेल्यांची आणि न गेलेल्यांची पुढची सरासरी कमाई जवळपास सारखी निघाली. गरीब घरांतल्या मुलांना मात्र अशा कॉलेजचा फायदा झाला. चेट्टींच्या अभ्यासातही सरासरी उत्पन्नात फारसा फरक दिसला नाही, पण अगदी वरच्या एक टक्क्यात पोहोचण्याची शक्यता वाढलेली दिसली. म्हणजे नावाला किंमत आहे, पण ती सगळ्यांसाठी सारखी नाही.

खेदाची गोष्ट अशी की ज्या मुलांना या कॉलेजचा सर्वांत जास्त उपयोग होतो, त्यांच्यासाठीच त्याचं दार सर्वांत अरुंद आहे. तिथून नकार आला तर त्यावरून एवढंच कळतं की त्या वर्षीच्या त्या बॅचमध्ये जागा झाली नाही. विद्यार्थ्याची कुवत किती, हे त्या पत्रातून ठरत नाही.