निदान दोन माणसांचं

सोल शहरात एकट्या माणसाला शेगडीवर भाजलेलं मांस खायची इच्छा झाली, तर त्याची पंचाईत होते. दारातच विचारतात, 'किती जण?' एक बोट वर केलं की मालकीणबाई मान हलवतात. बऱ्याच ठिकाणी निदान दोन माणसांचं मांस मागवावंच लागतं. हिशेब सरळ आहे. टेबलाच्या मधोमध शेगडी पेटवायची, वर धूर ओढणारं नळकांडं. शिवाय किमची, मुळा, मोडाचं सोयाबीन अशा पाच-सात वाट्या, त्याही फुकट आणि संपल्या की पुन्हा भरून. एका माणसाच्या बिलात हे भागत नाही. आयुष्यभर ताळेबंद जुळवलेल्या माझ्यासारख्याला हे लगेच पटलं.

पण गोष्ट नुसत्या हिशेबाची नाही. हे जेवण मुळात घोळक्याचंच. डुकराच्या पोटाकडच्या मांसाचे जाड पट्टे असतात. त्यांना 'सामग्योपसाल' म्हणतात, म्हणजे तीन थरांचं मांस. ते जाळीवर टाकायचे, चिमट्यानं उलटायचे आणि चक्क कात्रीनं कापायचे. मग तळहातावर सॅलडचं पान, त्यावर तुकडा, लसणाची पाकळी, सोयाबीनची तिखट चटणी. विड्यासारखी पुडी बांधून एका घासात तोंडात. जवळच्या माणसाला असा विडा स्वतः बांधून भरवतात. आपल्याकडे हा मान लग्नातल्या घासापुरताच उरला आहे.

कचेरीतली मंडळीही संध्याकाळी अशाच शेगडीभोवती बसतात. त्याला 'ह्वेशिक' म्हणतात. चिमटा बहुधा सर्वांत धाकट्याच्या हाती. साहेबांचा पेला रिकामा दिसला की दोन्ही हातांनी सोजू ओतायची, आपण पिताना तोंड बाजूला वळवायचं. नको म्हणायची सोय फारशी नसे. मला त्यात पंगतीपेक्षा हजेरीपटच जास्त दिसतो.

ज्याच्या हाती सही, त्याला जेवणाची आमंत्रणं फार, हे कोणत्याही शाखाधिकाऱ्याला विचारा. कोरियानं त्यावर कायदाच केला. 2016 पासून सरकारी अधिकारी, शिक्षक आणि पत्रकार यांना कामाशी संबंधित माणसानं घातलेल्या जेवणावर 30 हजार वॉनची मर्यादा आली. 2024 मध्ये ती 50 हजार झाली. भावही चढलेच होते. त्याच वर्षी सोलमध्ये 200 ग्रॅम सामग्योपसालची सरासरी किंमत 20 हजार वॉनच्या वर गेली.

कोरोनाच्या काळात ह्वेशिकला खीळ बसली आणि तरुणांना ती पूर्वीसारखी सुरू व्हायला नको आहे. दुसरीकडे, देशातल्या एक तृतीयांशाहून अधिक घरांत आता एकच माणूस राहतो. एकट्यानं जेवण्याला 'होनबाप' असा शब्दही रूढ झाला आहे. अशांसाठी नवी दुकानं निघाली. बाकावर ओळीनं जागा, मधे आडोसा, प्रत्येकापुढे बशीएवढी शेगडी. साहेब नाही, पेला भरायची सक्ती नाही. या सुटकेचं मला कौतुकच वाटतं.

अशाच एका दुकानात माझ्या शेजारच्या कप्प्यात एक तरुण मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. पट्टा एका बाजूनं करपत होता. पानं घेऊन आलेल्या बाईंनी टोपली ठेवली, काही न बोलता त्याचा चिमटा उचलला, पट्टा उलटला, कात्रीनं सारखे तुकडे केले आणि त्याच्या बाजूला सरकवले. त्यानं मोबाइल पालथा ठेवला आणि दोन्ही हातांनी चिमटा परत घेतला.