पासबुकातील नोंदीमागची एक नोंद

पासबुकात छापल्या जाणाऱ्या रकमेमागे, जास्तीत जास्त ८ अक्षरांचे नाव असलेली एखादी फाइल असू शकते. आयबीएमने १९६९ साली आणलेली सीआयसीएस ही मेनफ्रेमवरील प्रणाली आजही जगभर अनेक बँकांचे व्यवहार सांभाळते. तिचे काम अनेक स्वतंत्र विभागांत वाटलेले असते. फाइल कोठे आहे, ती केवळ वाचावयाची की तीत बदलही करावयाचा, हे प्रत्येक विभागास फाइलच्या व्याख्येवरून कळते. चाचणी विभागातील व्याख्येत खऱ्या खात्यांच्या फाइलचे नाव पडले आणि सुरक्षेचा दुसरा अडसर नसला, तर सरावाची नोंद कुणाच्या तरी बचतीवर उमटेल!

म्हणून व्याख्या सीएसडी नावाच्या सामाईक फाइलमध्ये गटवार ठेवतात. सीआयसीएसप्लेक्स एसएम या साधनाने तर त्या एकाच ठिकाणाहून अनेक विभागांना पुरविता येतात. नवख्यास चकविणारी गोष्ट निराळीच आहे. सीएसडीत केलेला बदल चालू विभागात आपोआप पोहोचत नाही. तेथील फाइल बंद व निष्क्रिय करून नवी व्याख्या ‘इन्स्टॉल’ करावी लागते. २० विभागांपैकी एक राहून गेला, तर तो जुन्याच फाइलमध्ये निमूटपणे नोंदी करीत राहतो आणि पडद्यावर त्रुटीचा संदेशही उमटत नाही.