संगणकाची आठवण : रुंद पाट की अरुंद नळ?

तालुक्याला सातबाराचा उतारा आणायला गेलात म्हणजे संगणक पाहता. कारकून बटणे दाबतो आणि तुमच्या गटाची माहिती पडद्यावर येते. या यंत्रात माहिती ठेवायच्या दोन जागा असतात. एक जागा कोठारासारखी. वीज गेली तरी तिथला माल जात नाही. दुसरी जागा हातातल्या सुपासारखी. आत्ता जेवढे निवडायचे तेवढेच धान्य त्यात घ्यायचे. या दुसऱ्या जागेला रॅम म्हणतात. आपण तिला यंत्राची आठवण म्हणू. वीज गेली की ही आठवण पुसली.

ही आठवण बनते कशी? तिच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या कोट्यवधी घागरी आहेत असे समजा. घागर भरलेली म्हणजे एक, रिकामी म्हणजे शून्य. त्यांत पाणी नसते, विजेचा थेंब असतो. अमेरिकेतील आयबीएम कंपनीचे रॉबर्ट डेनार्ड यांना ही युक्ती १९६६ साली सुचली. १९६८ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. गंमत अशी की या घागरी गळक्या आहेत! म्हणून यंत्र प्रत्येक घागर सेकंदाला पंधरा-सोळा वेळा पुन्हा भरून घेते. वेडेपणा वाटतो ना? पण गळकी घागर स्वस्त पडते आणि थोड्या जागेत मावते. म्हणून तीच जगभर चालली.

दुकानदार “आठ जीबी रॅम” असे म्हणतो. तेव्हा तो घागरी किती ते सांगतो. पाणी किती वेगाने येते ते सांगत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, बरे का!

आता पाणी शेतात न्यायचे आहे. शेत म्हणजे यंत्राचा मेंदू. त्याला प्रोसेसर म्हणतात. पाट कसा असावा, यावरून पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कंपन्यांत मोठा सामना झाला.

जुन्या तऱ्हेला एसडीरॅम म्हणत. तिचा पाट रुंद, पण पाणी संथ. पाटात ६४ तारा. एका खेपेला ८ बाइट जात. एक इंग्रजी अक्षर लिहायला जेवढी जागा लागते, तिला बाइट म्हणतात. सेकंदाला १३ कोटी ३० लाख खेपा होत. गुणाकार करा. सुमारे १०६ कोटी बाइट झाले.

कॅलिफोर्नियात १९९० साली रॅम्बस नावाची लहान कंपनी निघाली. ती स्वतः रॅम बनवीत नसे. आराखडा द्यायची आणि हक्काचे पैसे घ्यायची. तिची तऱ्हा अगदी उलटी. पाट नव्हे, नळच तो! तारा फक्त १६. एका खेपेला २ बाइट. पण खेपा सेकंदाला ८० कोटी! म्हणजे १६० कोटी बाइट. इंटेल ही प्रोसेसर बनवणारी बडी कंपनी. तिने १९९६ साली रॅम्बसशी करार केला. यापुढे रॅम्बसचीच रॅम चालेल असे तिने धरले.

कागदावर १६० मोठे, १०६ लहान. मग १९९९ च्या अखेरीस यंत्रे बाजारात आली तेव्हा काय झाले? फरक जेमतेम. काही कामांत तर नवी रॅम मागेच पडली.

याची कारणे शेतकऱ्याला लगेच कळतील. त्या वेळच्या पेंटियम थ्री प्रोसेसरचे तोंडच १०६ कोटींचे होते. वाफ्याचे दार लहान असेल तर नळाला जोर असून काय उपयोग? दुसरे कारण उशीर. मोटार सुरू केली की पाणी लगेच वाफ्यात येत नाही. पहिला थेंब पोचायला वेळ लागतो. रॅम्बसच्या सगळ्या चकत्या एकाच नळावर ओळीने बसवलेल्या. शेवटच्या चकतीला जेवढा वेळ लागे, तेवढे पहिलीलाही थांबावे लागे. मोठे शेत सलग भिजवायचे असेल तर हा उशीर जाणवत नाही. पण इथे एक रोप, तिथे एक रोप, असे पाणी घालायचे असेल तर तोच नडतो. संगणकाची पुष्कळशी कामे या दुसऱ्या प्रकारची असतात. शिवाय चकत्या तापत. रिकाम्या खाचेतही कोरी पट्टी बसवावी लागे, नाहीतर नळ तुटलेलाच.

आणि किंमत? जुन्या रॅमच्या कित्येक पट! गिऱ्हाईक बिचकले. मग इंटेलने मधे एक दुभाष्या बसवला, म्हणजे जुनी स्वस्त रॅमही नव्या यंत्रात चालावी. तो दुभाष्याच सदोष निघाला. यंत्रे मधेच अडकू लागली. मे २००० मध्ये इंटेलला तसल्या पाट्या बदलून देण्याची तयारी दाखवावी लागली.

इकडे इतर कंपन्यांनी मिळून नवे माप ठरवले होते. त्याचे नाव डीडीआर. त्यांनी पाट रुंदच ठेवला. घड्याळाचा लंबक एकदा जातो, एकदा येतो. पूर्वी त्यात एक खेप होई, आता जाताना एक आणि येताना एक. तेवढ्यावर १०६ चे सुमारे २१३ कोटी झाले. २००० साली एएमडी कंपनीने ही रॅम आपल्या यंत्रांसाठी घेतली.

रॅम्बसची बाजूही सांगितली पाहिजे. नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या पेंटियम फोरला तिचे दोन नळ जोडले होते. ३२० कोटी बाइट! त्या प्रोसेसरचे तोंडही तेवढेच मोठे होते. तिथे ही रॅम खरोखर धावली. प्लेस्टेशन २ या खेळाच्या यंत्रातही ती होती. पण घरोघरच्या गिऱ्हाइकाला ती परवडेना. सप्टेंबर २००१ मध्ये खुद्द इंटेलने पेंटियम फोरला जुनी एसडीरॅम जोडून दिली. यंत्र मंद झाले, पण स्वस्त झाले. २००३ पर्यंत डीडीआरचे दोन पाट जोडून ६४० कोटी बाइट मिळू लागले आणि सामना संपला.

याच काळात आणखी एक प्रकार घडला. अडते एकत्र बसून भाव ठरवतात, तसे काही रॅम कंपन्यांनी केले. अमेरिकेच्या सरकारने खटले भरले आणि त्यांनी गुन्हा कबूल केला. इन्फिनिऑनला २००४ साली १६ कोटी डॉलर दंड झाला. २००५ साली हायनिक्सला १८ कोटी ५० लाख आणि सॅमसंगला ३० कोटी डॉलर. जादा भाव मात्र आधीच गिऱ्हाइकांच्या खिशातून गेला होता.

डीडीआरचे पाचवे माप २०२० साली ठरले. तारा अजून ६४ च आहेत. त्यांचे ३२-३२ असे दोन भाग केले आहेत. खेपा मात्र सेकंदाला ४८० कोटी आणि त्याहूनही अधिक. पहिला थेंब पोचायचा वेळ तेवढा त्या मानाने फारसा घटलेला नाही.